नवेगावची बुडी

नवेगाव बांधच्या बायका तीर्थाला निघालेल्या माणसाकडे प्रसाद मागत नाहीत, अंगारा मागत नाहीत. त्या एकच मागतात. "माह्या नावानं एक बुडी मारजो." मग ते माणूस मार्कंड्याला वैनगंगेत उतरो नाही तर प्रयागला गंगेत, आधी त्याने आपली बुडी मारायची, आणि मग ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांची नावं मोठ्याने घेऊन एकेका नावाला एकेक. डोकं पुरतं पाण्याखाली गेलं पाहिजे. टाळू कोरडी राहिली तर ती बुडी धरत नाहीत, आणि या बाबतीत नवेगावची माणसं फार काटेकोर आहेत. ज्याच्या नावाची बुडी बसली त्याला घरबसल्या तीर्थ घडलं, असा साधा व्यवहार.

कुंदाबाई कापगतेच्या नावाची बुडी मात्र कधी कोणी मारली नव्हती.

ती कोहळ्यांच्या घरची सून. कोहळी म्हणजे तळी बांधणारे लोक. दोन टेकड्या दिसल्या की मध्ये पाळ घालून पाणी अडवायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खोड. कुंदाबाईचं लहानपण तळ्याच्या काठावर कमी आणि तळ्यात जास्त गेलं. पुढे लग्न झालं, नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. तळ्याखालचा धानाचा तुकडा वाट्याला आला आणि तो ती स्वतः कसू लागली. एकदा तिची मोठी जाऊ गंगा प्रयागला निघाली, तेव्हा आळीतल्या साऱ्या बाया गाडीभोवती जमून आपापली नावं सांगत होत्या. कुंदाबाई मागे उभी होती. गर्दी जरा सरल्यावर ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "मोठ्या बाई, माह्याही नावानं एक."

गंगाने गाडीतूनच उत्तर दिलं. "तुह्या नावानं कायले? नवरा खाल्लेल्या बाईचं नाव पान्यात घेतलं त बाकीच्यांच्या बुड्या बाटतीन."

तिथे उभ्या असलेल्या एकीनेही तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर गंगापेक्षा त्या गप्प बसलेल्या बायांचाच राग जास्त यावा. कुंदाबाई घरी आली, तिने चूल पेटवली आणि त्यानंतर पुन्हा कोणालाही आपलं नाव सांगितलं नाही. पण ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. रोवणीच्या चिखलात वाकली असतानाही मध्येच तिला ते वाक्य आठवायचं आणि हातातली रोपं कचाकच जमिनीत जायची.

पुढे सरकारने जपानी पद्धतीच्या भातशेतीचा डांगोरा पिटला. दोरी धरून, ओळी आखून रोवणी करायची. गावाला हसू आवरेना. "धान म्हंजे का पलटन आहे, रांगेत उभं करायले?" असं पुरुष तिला वाटेत अडवून विचारायचे. कुंदाबाईने दोरी धरली. कापणीच्या सुमारास तेच पुरुष तिच्या बांधावर उकिडवे बसून लोंब्या चाचपू लागले. तिचं पीक आधी तालुक्यात पहिलं आलं, मग जिल्ह्यात, मग राज्यात. आणि सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात शेती खात्यातला श्यामलाल बिसेन सायकल ढकलत तिच्या अंगणात आला. कामठ्याचा, जातीने पवार, चाळिशीतला, पोटाने पुढे आणि स्वभावाने मागे. घाम पुसत त्याने सांगितलं की दक्षिण अमेरिकेत लिमा नावाचं मोठं शहर आहे, पेरू देशाची राजधानी, तिथे देशोदेशीच्या शेतकऱ्यांचा मेळावा भरतो आहे, आणि मुंबई राज्याकडून जाणाऱ्या पथकात कुंदाबाईचं नाव आहे. तिला सांभाळून न्यायला आणि इंग्रजीतलं तिला समजावून सांगायला तो स्वतः येणार होता.

बातमी गावभर झाली. श्यामलाल चहा संपवतो न संपवतो तोच अंगण बायांनी भरलं. मंदाबाई कुंभारीण सर्वांत पुढे होती.

"बिसेनभाऊ, त्या गावाले देव कोनता?" तिने विचारलं.

"देव-बिव नाई तिथं," श्यामलाल म्हणाला. "आलू आहे. आलू तिथूनच साऱ्या दुनियेत गेला."

"देव नाई असं गाव राहते का कुठं? पानी आहे का?"

"समुंदर आहे ना. अख्खा समुंदर."

झालं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्या लांब, समुद्राच्या काठी, जिथे जायला विमानं बदलावी लागतात, ते तीर्थ नाही तर काय? सोपं असतं ते तीर्थ नसतं, एवढं तर नवेगावात पोरंही जाणतात. शेतकी मेळाव्याची लिमा त्या दुपारी क्षेत्र ठरली, आणि श्यामलालने कितीही मान हलवली तरी त्यात फरक पडला नाही.

निघायच्या दिवशी मंदाबाई दारात आली आणि म्हणाली, "कुंदे, माह्या नावानं एक बुडी मारजो."

कुंदाबाईच्या हातात भाताची पळी होती. ती तशीच राहिली. तिला आधी वाटलं, आपल्या मागे कोणी उभं आहे आणि हे त्याला सांगणं चाललंय. मग मंदाबाईच्या मागून दुसरी आली, तिसरी आली, तळ्यात मासे धरणाऱ्या धिवरांच्या वस्तीतल्या आल्या, पलीकडच्या आळीतल्या, ज्यांच्याशी तिचं कधी बोलणंही नव्हतं अशा आल्या. ती प्रत्येकीला "मारीन" म्हणत राहिली. लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने सगळी नावं घरांच्या क्रमाने मनात बसवली. देवलगावच्या ठेसनावर छोटी गाडी लागली तेव्हा शेवटी गंगाही आली. म्हातारी झाली होती, काठी टेकत आली होती. इकडेतिकडे बघत ती म्हणाली, "माह्याही नावानं एक."

कुंदाबाई काही संत नव्हे. 'आता बाटत नाई का?' हे अगदी तिच्या ओठांवर आलं होतं, पण गाडीने शिट्टी दिली आणि ते राहिलं. तिने फक्त मान डोलावली.

गोंदियाहून मेल, मुंबईहून विमान, मग आणखी विमान, मग आणखी. श्यामलाल प्रत्येक विमानात डोळे मिटून बसला. कुंदाबाई खिडकीतून खाली बघत राहिली, कुठे पाणी अडवायला जागा दिसते का म्हणून.

लिमात मेळावा रीतसर पार पडला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, कुंदाबाईने दोरी धरून ओळ कशी आखायची ते दाखवलं आणि तिच्या लुगड्याचे फोटो निघाले. त्यानंतर शहर दाखवायचं ठरलं. पथकाचे प्रमुख पुण्याकडचे निवृत्त अधिकारी होते, स्वच्छ कपड्यांचे आणि स्वच्छ वेळापत्रकाचे. त्यांनी रोसा नावाची एक स्थानिक वाटाडी बाई ठरवली होती. रोसा गोल, ठेंगणी, पन्नाशीची होती. ती इंग्रजीत सांगे, श्यामलाल ते मराठीत आणी, आणि मध्ये जे गळायचं ते कुंदाबाई तिच्या हातवाऱ्यांवरून समजून घेई.

पहिल्याच सकाळी कुंदाबाईने विचारलं, "समुंदर कवा?"

"प्रोग्राममध्ये नाई बाई," श्यामलाल म्हणाला. "आज चौक आहे, चर्च आहे."

चौक मात्र खरोखरच पाहण्यासारखा होता. एवढा मोठा की नवेगावची मंडई त्यात एका कोपऱ्यात भरली असती. भोवताली लाकडी सज्जे होते, काळसर, कोरीव, जाळी लावलेले. आतून बाहेरचं सगळं दिसावं आणि बाहेरून आतलं काही दिसू नये अशी त्यांची करणी. पूर्वी मोठ्या घरच्या बायका तिथे बसून रस्ता बघायच्या, असं रोसाने सांगितलं. कुंदाबाईने त्या सज्ज्यांकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं. "म्हंजे यायच्या बायकाईलेही पडद्यातूनच दुनिया पाहा लागे," ती म्हणाली, आणि तिला त्या शहराबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

मोठ्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत एक वाळलेला देह ठेवला होता. हे शहर वसवणारा सरदार, असं सांगितलं. कुंदाबाईने नाक मुरडलं. माणूस मेला तर त्याला जाळावं, नाही तर पुरावं, असं काचेत ठेवून पाहुण्यांना दाखवायचं म्हणजे त्याने कोणाचं काय एवढं वाईट केलं होतं? दुसऱ्या एका मठाच्या तळघरात तर माणसांची हाडं गोल आकारात रचून ठेवलेली होती, रांगोळी काढल्यासारखी. श्यामलाल पायऱ्यांवरूनच परत फिरला. कुंदाबाई खाली गेली, हात जोडले आणि वर येऊन म्हणाली, "रचनारानं काम मन लावून केलं आहे."

पण तिला खरा धक्का बसला तो छपरं बघून. सगळी सपाट. कौलं नाहीत, उतार नाही, वर धूळ साचलेली. तिने विचारलं तेव्हा रोसाने हसत सांगितलं की इथे पाऊस पडतच नाही. धुकं येतं, अंगाला ओल लागते, पण पाऊस म्हणून जो असतो तो नाही. कुंदाबाईला ते पटेना. ताटात तर रोज भात येत होता. मग रोसाने त्यांना एका जुन्या बागेत नेलं. म्हाताऱ्या झाडांमधून एक पाट वाहत होता, अरुंद, मातीचा, शांत. डोंगरातली नदी हजारो वर्षांपूर्वी इथल्या मूळच्या लोकांनी अशी पाटापाटाने शहरात आणून ठेवली होती, आणि शहर त्यानंतर आलं होतं.

कुंदाबाई खाली बसली. तिने पाटात हात घातला, पाण्याची ओढ पाहिली, काठाची माती बोटांनी दाबली. तिला एकदम खूप बरं वाटलं. इतक्या लांब येऊन माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. "आज पान्याची पाळी कोनाची आहे?" तिने विचारलं. रोसाला ते माहीत नव्हतं, आणि साहेब घड्याळ दाखवून सगळ्यांना बसमध्ये बोलावत होते.

"समुंदर कवा?" कुंदाबाईने बसमध्ये पुन्हा विचारलं.

श्यामलालने या वेळी साहेबांच्या कानावर घातलं. बाईंना समुद्रात बुड्या मारायच्या आहेत, गावाला शब्द दिलाय, वगैरे. साहेब आधी हसले आणि मग गंभीर झाले. "बिसेन, आपण इथे देशाचे पाहुणे आहोत. ओल्या लुगड्याने किनाऱ्यावर एक बाई ओरडून नावं घेतेय, असा फोटो उद्याच्या पेपरात आला तर? समुद्र बघायचा असेल तर वरून बघा. बाल्कनीतून छान दिसतो."

श्यामलालने हे कुंदाबाईला सांगताना पुष्कळ मऊ केलं, तरी ते जे होतं ते होतंच. खिडकीतून ती सपाट छपरं मोजल्यासारखी बघत राहिली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. गाव आठवत होतं. परत गेल्यावर दारोदारी जाऊन काय सांगायचं? पहिल्यांदाच गावाने तिच्या हाती नावं दिली होती, आणि ती जर कोरडीच परत नेली, तर त्यानंतर कोणी तिच्याकडे काही देणार नव्हतं. वर गंगा म्हणेल, मी सांगितलंच होतं.

दुसऱ्या दिवशी रस्ते बंद होते. कुठे जावं तिथे माणसंच माणसं, आणि सगळी जांभळ्या कपड्यांत. म्हातारे जांभळे, तान्ही पोरं जांभळी. रोसाही त्या दिवशी जांभळा पायघोळ झगा घालून, कमरेला पांढरी दोरी बांधून आली होती. उदाच्या धुराने रस्ता भरला होता. त्या धुरातून वीसेक खांद्यांवर डुलत एक भलीमोठी चांदीची चौकट आली आणि तिच्यात देवाचं चित्र. तिच्यापुढे बायका धुपाटणी घेऊन उलट्या पावलांनी चालत होत्या, देवाकडे पाठ होऊ नये म्हणून. कुंदाबाईने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि चौकट पार निघून जाईपर्यंत उभी राहिली.

मग ती श्यामलालकडे वळली. "तुमी त म्हनत होते देव नाई."

श्यामलालने रुमालाने कपाळ पुसलं.

"देव आहे, पानी आहे. आमच्या बाया बरोबरच होत्या. उद्या मी जानार." तिचा आवाज चढला नव्हता, पण धानाची दोरी ताणावी तसा ताठ झाला होता. "तुमी नाई आले तरी जानार. रस्ता उताराचा असन तिकडेच समुंदर राहीन."

उद्या म्हणजे शेवटचा दिवस. दुपारी हॉटेलात निरोपाचं जेवण होतं, मोठी माणसं येणार होती, आणि सकाळ मोकळी होती ती सामान बांधायला. श्यामलालने रात्रभर कूस बदलली असावी, कारण सकाळी त्याचे डोळे सुजलेले होते. पण हॉटेलच्या दारात तो उभा होता. सरकारी खर्चाने शिवलेला सूट अंगात, बूट चमकवलेले. "एकटीनं कशा जानार? ट्राममध्ये चढता येते का तुमाले?" तो रागाने म्हणाला. रोसालाही त्याने बोलावून घेतलं होतं.

ट्राम शहराबाहेर पडून समुद्राकडे धावू लागली तेव्हा रोसाने विचारलं, हे सगळं नेमकं कशासाठी? कुंदाबाईने सांगितलं. नावाची बुडी काय असते ते सांगितलं, आणि मग कसं कोण जाणे, गंगाची गोष्टही तोंडातून गेली. प्रयागला निघालेली गाडी, मागे उभं राहणं, ते उत्तर, आणि बाकीच्या बायांचं खाली बघणं. श्यामलाल एकेक वाक्य इंग्रजीत करत होता. मध्येच तो अडला आणि खिडकीबाहेर बघू लागला. रोसाला मात्र आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने आपल्या जांभळ्या झग्याची बाही ओढून दाखवली. तोही तिने आजारी भावाच्या नावाने अंगात घातला होता, महिनाभर काढायचा नव्हता.

कोळ्यांच्या वस्तीपाशी ते उतरले. होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या, जाळी वाळत होती, चोचीखाली पिशवी असलेले दांडगे पक्षी माशांच्या टोपल्यांवर नजर ठेवून बसले होते. कोळिणी मासे साफ करत होत्या. आणि पुढे तो समुद्र, करडा, फेसाळ, थंड वाफ सोडणारा. रोसाने बोट बुडवून हात झटकला आणि श्यामलालला सांगितलं की पाणी फार गार आहे, इथली माणसंही या दिवसांत उतरत नाहीत.

कुंदाबाईने चपला काढल्या, लुगड्याचा काष्टा आवळला, पदर कमरेला खोचला आणि चालू लागली. पहिल्या लाटेनेच तिचा श्वास अडकला. तळ्याचं पाणी थंड असतं, पण हे हाडांना चावत होतं. 'रीत आपली आधी माराची, पन आज गावाचं आधी,' तिने ठरवलं. 'जोर संपला त नावं राहून जातीन. माही मंग.' छातीएवढ्या पाण्यात ती थांबली, डोळे मिटले, आणि मनाने गावाच्या वेशीवर जाऊन उभी राहिली.

"मंदाबाईच्या नावानं," ती खणखणीत म्हणाली आणि पाण्याखाली गेली.

मग ती आळीने चालू लागली. हे घर, ते घर, कडुलिंबाखालचं घर, जिथे कुत्रं अंगावर येतं ते घर. प्रत्येक दारात नाव, प्रत्येक नावाला बुडी. खारं पाणी नाकात गेलं, डोळे चुरचुरले, ती थांबली नाही. धिवरांची वस्ती झाली. पलीकडची आळी झाली. किनाऱ्यावर कोळिणींनी हातातलं काम टाकलं होतं. ही कोण बाई, वेड लागलंय की नवस फेडतेय, असं त्या विचारत होत्या आणि रोसा त्यांना दोन्ही हातांनी समजावून सांगत होती.

शेवटी गंगाचं दार आलं. "गंगाच्या नावानं," ती म्हणाली, आणि गंगाला तिने जरा जास्तच वेळ पाण्याखाली ठेवलं. वर आली तेव्हा तिला हसू फुटलं होतं. इतकी वर्षं उरात बाळगलेला राग असा एका बुडीत जातो यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण गेला. आता गंगा फक्त एक काठी टेकत ठेसनावर आलेली म्हातारी होती.

ती वळून बघते तो किनाऱ्यावर रांग. रोसा गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती आणि ओरडून भावाचं नाव सांगत होती. तिच्या मागे एक कोळीण होती, तिला समुद्रात गेलेल्या नवऱ्याचं नाव द्यायचं होतं. तिच्या मागे आणखी एक, पोटुशी सून घेऊन. कुंदाबाईची जीभ त्या नावांवर अडखळायची. मग ती बाई पुन्हा सांगायची, कुंदाबाई पुन्हा म्हणायची, बरोबर आलं की सगळ्या माना डोलवायच्या आणि मगच ती बुडी मारायची. नाव चुकीचं घेऊन बुडी मारणं तिला चालणार नव्हतं. नवेगावची पद्धत ती लिमासाठी सैल करणार होती थोडीच?

रांगेच्या शेवटी श्यामलाल होता. वाळूवरच, बूट ओले होऊ नयेत इतक्या अंतरावर. "बाई, माही माय," तो म्हणाला. "जमनाबाई नाव होतं. तिले कुठंच नेता आलं नाई मले."

"जमनाबाईच्या नावानं," कुंदाबाई म्हणाली, आणि ती बुडी तिने अगदी सावकाश, नीट मारली.

आता तिचे ओठ निळे पडले होते. दातांवर दात आपटत होते. ती किनाऱ्याकडे यायला लागली तसं श्यामलालने विचारलं, "आनं तुमची?"

तिने हात हलवला. "जोर नाई राहिला. राहू द्या माही. मले सवय आहे."

श्यामलाल बिसेन हा विहिरीत वाकूनही न बघणारा माणूस. कामठ्याला पूर आला तेव्हा तो छपरावर जाऊन बसला होता आणि पाणी ओसरल्यावरही उतरायला तयार नव्हता. त्याने सूटकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग काहीच न काढता तो सरळ समुद्रात चालू लागला. पहिल्या लाटेला तो किंचाळला. दुसऱ्या लाटेने त्याला बसवलं. रोसाने एका बाजूने आणि त्या कोळिणीने दुसऱ्या बाजूने त्याला धरून उभं केलं, आणि कमरेएवढ्या पाण्यात, दोन बायांच्या आधाराने, त्याने नाक दाबलं.

"कुंदाबाईच्या नावानं," तो इतक्या मोठ्याने म्हणाला की होड्यांवरचे पक्षी उडाले, आणि टाळू पुरती बुडेपर्यंत खाली गेला.

वर आला तेव्हा टाय कानाभोवती गुंडाळला होता आणि तो खोकत होता. किनाऱ्यावरच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. कुंदाबाई पाण्यात उभी राहून रडत होती, आणि डोळे पुसावेत असं तिला वाटलंही नाही. नवरा गेला तेव्हा ती रडली होती ते वेगळं. हे रडणं तिला हवंहवंसं होतं. आपलं नाव पाण्यावरून एवढ्या मोठ्याने गेलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

कोळिणींनी घोंगड्या दिल्या, माशांचं कढत कालवण दिलं. ट्राममध्ये लोकांनी उठून जागा दिली. हॉटेलात शिरले तेव्हा जेवण सुरू होऊन गेलं होतं. दारातच साहेब उभे होते. लुगड्यातून पाणी ठिबकतंय, सुटाच्या खिशातून वाळू गळतेय, असं ते दोघं गालिच्यावर उभे. आत पाहुण्यांच्या माना वळल्या होत्या.

"काय ही अवस्था, कुंदाबाई? कुठे होता तुम्ही?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"अख्ख्या गावाले आंघोळ घालून आली, साहेब," ती म्हणाली. "आनं माही बी झाली."

एवढं बोलून तिने पदर सारखा केला आणि ओल्या पावलांनी, पाहुण्यांना नमस्कार करत, ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.